तेल हुंगणारे दाजी

आमच्या दाजींइतकी तेलं या भूतलावर दुसऱ्या कुणी हुंगली नसतील, हे मी अंबाबाईच्या देवळात उभं राहून शपथेवर सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत तेलं तपासणारी एक खाजगी प्रयोगशाळा आहे, तिथं ते मला मिशा फुटायच्या आधीपासून नोकरी करतात. इंजिनात किंवा गिअरमध्ये घालायचं तेल किती दाट आहे, तापल्यावर किती पातळ होतं, फेस किती धरतं, धातूला खातं की सांभाळतं, हे सगळं बघून दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते; दाजींचं हुंगणं तेवढं बंद होत नाही. कुठल्याही तेलाचा थेंब ते आधी अंगठा आणि तर्जनीत चोळतात, मग डोळे मिटून नाकाशी नेतात, आणि मग असा काही चेहरा करतात, की समोरच्याला वाटावं, या माणसाला आता आपल्या घराण्याचा पूर्वेतिहास कळला. लग्न होऊन अक्का नवी नवी घरात आली तेव्हा पहिल्यांदा ते मोठ्या प्रेमानं तिच्या वेणीजवळ गेले, जरा थांबले आणि म्हणाले, "ह्या खोबरेलात भेसळ हाय. कुठल्या दुकानातनं आणतीस?" ही हकिकत अक्का अजून सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत सांगते, आणि दाजी अजून प्रत्येक वेळी म्हणतात, "खरं, भेसळ निघालती का न्हाय, ते पण सांग की!" कोल्हापुरात 'खरं' म्हणजे 'पण'. दाजींचं निम्मं आयुष्य या एका 'खरं'वर उभं आहे.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, पैसे बऱ्याचदा नसतात, पण गाळणकागदाच्या पांढऱ्या गोल चकत्या कायम असतात. वापरलेल्या तेलाचा थेंब त्या कागदावर टाकला की तो पसरतो, त्याची वर्तुळं पडतात, आणि त्या वर्तुळांवरून तेलात किती काजळी, किती कचरा ते कळतं. ही झाली शास्त्राची बाजू. पण दाजी त्या चकत्यांवर खोकल्याचं औषध टाकतात, समईतलं तेल टाकतात, शेजाऱ्यांनी मोठ्या अभिमानानं आणलेलं गावचं तूप टाकतात. माझ्या लग्नात मी पाटावर बसलेलो असताना मांडवाच्या मागं एकदम गलका झाला. बघतो तर दाजी तांबड्या रश्श्याच्या पातेल्याशी उकिडवे बसलेले, हातात चकती, चकतीवर तर्रीचा थेंब, आणि आचारी हातातला डाव उगारून विचारतोय, "कोण हाय हो हे? काय शंका हाय काय आमच्या रश्श्याबद्दल?" माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा चेहरा पडला. दाजींनी चकती उन्हाकडे धरली, शांतपणे न्याहाळली आणि जाहीर केलं, "तेल एक नंबर हाय, पावणं. खरं, मीठ कमी पडलंय." आचाऱ्यानं चव घेतली. मीठ खरोखरच कमी होतं. ते कागदावरून कळलं, का दाजींनी आधीच बोट बुडवून चाखलं होतं, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

माणसांचीही प्रतवारी ते तेलावरूनच लावतात. आमच्या घरात सावकाश हालणारा जो कोणी असेल तो 'नव्वद नंबर', म्हणजे ट्रकच्या गिअरमधलं जाड तेल. लगेच तापणारा 'एकदम पातळ'. आणि मी शाळेत मराठी शिकवतो म्हणून मला त्यांनी 'शोभेचं तेल' ठरवलेलं आहे. माझी बदली चंदगडला झाली तेव्हा सगळे कळवळले. तिथला पाऊस, ते डोंगर, लांबचा एसटीचा प्रवास. दाजींनी तेवढाच एक सल्ला दिला, "तितली हवा वल्ली हाय, पावणं. गाडीच्या तेलात पाणी शिरतंय. झाकण घट्ट लावत जावा." त्यांच्या भाषेत ही माया होती. ती कळायला मला चंदगडचा एक पावसाळा काढावा लागला. सुट्टीला मात्र मी कोल्हापुरातच असतो.

अशा माणसाला विजेच्या गाड्यांबद्दल काय वाटणार? शेजारच्यांनी विजेवरची स्कूटर आणली. पेढा घेऊन दाजी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागले. खाली वाकून बघितलं, मागून बघितलं. शेवटी मालकाला म्हणाले, "तेल कुठनं काढायचं हिचं?" तो म्हणाला, इंजिनच नाही तर तेल कुठलं? दाजींनी उरलेला अर्धा पेढा परत डब्यात ठेवला. "तेल न्हाय ती गाडी न्हवं," ते म्हणाले, "मिक्सर हाय त्यो. चटणी करा त्यात."

आणि नेमकं त्यांच्या पोटी आलेलं एकुलतं एक लेकरू याच मिक्सरच्या मागं लागलं. माझी भाची लहानपणी बापाच्या मांडीवर बसून चकत्यांवरची वर्तुळं बघायची. शाळेच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत जायची आणि संध्याकाळी बापलेक दोघंही सारखाच वास घेऊन घरी यायची. ती यंत्रं शिकली, पुढं विजेच्या गाड्यांच्या मोटरी आणि गिअर यांवर तिनं अभ्यास केला, आणि तिला जर्मनीत नोकरी लागली. घरात आनंदीआनंद झाला. दाजींनी कपाळाला हात लावला नाही, ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, "एवढी तेलाची गाडी सोडून..." आणि वाक्य पुरं केलं नाही. ती निघाली त्या दिवशी अक्कानं बॅगेत कांदा-लसूण चटणी भरली, दाजींनी चकत्यांचा एक अख्खा गठ्ठा भरला. "बाबा, तिथं मिळतात की हे," ती म्हणाली. "मिळू देत," दाजी म्हणाले.

मग सुरू झाले रविवारचे फोन. आमच्याकडची दुपारची जेवणं आटोपलेली असायची आणि तिच्याकडं सकाळ असायची. दाजी फोन हातात घेत आणि तोफेसारखे तीन प्रश्न सोडत. "जेवलीस काय? थंडी हाय काय? बरी हाईस न्हवं?" तिकडून "हो" आलं, की "दे आईला" असं तिलाच सांगत. आई इकडं त्यांच्याच शेजारी बसलेली असायची. मग अक्का तासभर बोलायची आणि दाजी वर्तमानपत्राच्या एकाच पानावर नजर लावून बसायचे. त्या पानावर काय छापलंय असं विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. बोलायला त्यांच्याकडं काही नव्हतं. ज्या एका गोष्टीवर ते रात्रंदिवस बोलू शकत ती गोष्ट तिच्या गाडीतच नव्हती.

एका रविवारी अक्काशी बोलता बोलता भाची सहज म्हणून गेली, की आज तिला कामावर जावं लागणार, मोटरीतलं तेल बदलून बघायचंय. फोन मोठ्या आवाजावर होता. दाजींनी वर्तमानपत्र टाकलं आणि अक्काच्या हातातनं फोन जवळजवळ हिसकावून घेतला.

"काय म्हणालीस? मोटरीत तेल?"

"व्हय की, बाबा. आमच्यात गिअर आणि मोटर एकाच पेटीत असतात. तेच तेल गिअरला वंगण देतं आणि तेच मोटरीच्या गुंडाळीवरनं फिरून तिला थंड ठेवतं."

"गुंडाळी म्हंजे तांब्याची तार न्हवं? उघडी?"

"वार्निश असतं वरनं. पण तेल थेट अंगावर पडतं."

"आन वीज?"

"तेलातनं वीज जाता कामा नये."

दाजींच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी अक्काच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "अगं बाळ," ते म्हणाले, "मग ही गाडीच हाय की!"

त्या दिवशी अक्काच्या वाट्याला फोन आलाच नाही. आणि पुढं कितीतरी रविवार असेच गेले. दाजी निवृत्तीला टेकलेले. पण एखाद्या कॉलेजकुमारासारखे ते अभ्यासाला लागले. गिअरच्या दातांना सांभाळायला तेलात गंधकाची जी औषधं घालतात तीच तांब्याला काळं करतात; मोटर इतक्या वेगानं फिरते, की तेलाचा ताकासारखा फेस होतो; पातळ तेल थंड चांगलं ठेवतं पण दातांना पुरं पडत नाही. प्रत्येक प्रश्न जुन्या प्रश्नाहून अवघड. दाजी जेवताना बोलायचे, अंघोळीतून बोलायचे. अक्काचा देवातला तांब्याचा गडू एकदा नाहीसा झाला आणि दोन दिवसांनी प्रयोगशाळेतून परत आला, निम्मा लख्ख आणि निम्मा काळा. "आता ह्यातनं देवाला पाणी कसं घालू?" अक्का ओरडली. "मी तुमच्या तेलाला काय करतो बघाच आता!" कोल्हापुरातल्या बायका 'मी करतो, मी जातो' असं पुरुषासारखं बोलतात, बाहेरच्यांना नवल वाटतं, पण आमच्याकडं आजीपासून नातीपर्यंत सगळ्या अशाच.

दाजींनी मालकांच्या मागं लागून प्रयोगशाळेत विजेच्या गाड्यांच्या तेलासाठी वेगळा विभाग सुरू करायला लावला. तीनचाकी विजेच्या गाड्यांच्या गिअरसाठी कुणीतरी नवं तेल केलं होतं, त्याचा नमुना आला. दाजींनी नियमाप्रमाणं तांब्याची पट्टी त्या तेलात बुडवली, तापवली, बाहेर काढली. पट्टी चकचकीत. रविवारी त्यांनी ऐटीत सांगितलं, "तेल पास हाय."

"वाफेत टांगून बघितली काय?" भाचीनं विचारलं.

"वाफेत? तेल हाय, इडली न्हाय ती!"

"बाबा, पेटीत सगळी तार तेलात बुडालेली नसते. वरची तार गरम तेलाच्या वाफेत असते. एक तार तेलात सोडा आणि एक वर टांगा. बारीक तार घ्या, पट्टी नको."

दाजी चिडले. आमच्या वेळी असली थेरं नव्हती म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मुकाट्यानं तार टांगली. काही दिवसांनी तेलातली तार जशीच्या तशी होती, आणि वरची काळी ठिक्कर पडून हात लावताच तुटली. त्या संध्याकाळी दाजी पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीत घरोघर फिरले. "काय झालं हो?" म्हणून लोक विचारत. "पोरीनं बापाला चितपट केलं!" दाजी सांगत, आणि हरलेल्या माणसाची छाती इतकी फुगलेली मी दुसरी पाहिलेली नाही.

सगळं असं ऐन रंगात असताना तो रविवार आला. मी तेव्हा त्यांच्याकडंच होतो, आणि फोन त्या दिवशी उशिरा, संध्याकाळी आला. दाजींनी सवयीनं विचारलं, "जेवलीस काय?" आणि तिकडून उत्तर आलं, "हो, जेवले."

बस, एवढंच. तिच्या घरात नाशिकची एक मैत्रीण राहायला आली होती, तिच्या संगतीनं जीभ तेवढी वळली असेल. मला तर ते लक्षातही आलं नाही. पण दाजींनी फोन अक्काकडं दिला, पायात चप्पल घातली आणि मला म्हणाले, "चला, जरा फिरून येऊ." रंकाळा तलावापर्यंत तरातरा चालत गेले. तिथं कठड्याला टेकून म्हणाले, "ऐकलासा? 'जेवले' म्हणाली."

"त्यात काय, दाजी? बरोबरच आहे ते."

"तुम्ही मराठीचं मास्तर, तुम्हाला बरोबरच वाटणार," ते म्हणाले. "खरं, माझी पोरगी 'जेवलो' म्हणत हुती."

दुसऱ्या दिवशी ते मला बरोबर घेऊन मालकांच्या घरी गेले. मालक भला माणूस. दाजींनी आढेवेढे न घेता सांगितलं: हा नवा विभाग चालवायला माझ्यानंतर कोण? पोरगी सुट्टीला येणार हाय. तुम्ही तिला विचारा. मी विचारायला लावलं, हे सांगू नका. मालक म्हणाले, "अहो, आमचं भाग्यच की ते!" परत येताना दाजी इतक्या जोरात शीळ घालत होते, की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

थंडीत भाची आली. दाजींनी तिला प्रयोगशाळेत नेलं आणि तिथं दिवसभर तिला "मॅडम" म्हणून हाक मारली. "मॅडम, ही आमची फेसाची परीक्षा. मॅडम, हिकडं या, पाय सांभाळून, मॅडम." ती हसून हसून बेजार. खाली बसून ती उपकरणांत डोकावत होती, तारा कशा टांगायच्या ते तिथल्या मुलींना दाखवत होती, आणि दोघंही बापलेक एकाच वेळी एकाच नमुन्यावर वाकून नाक खुपसत होती. चहाच्या वेळी मालकांनी विषय काढला. विभाग तिनं सांभाळावा, हवी ती उपकरणं मागवावीत, हवी ती माणसं घ्यावीत. दाजी बशीतल्या चहाकडं असं बघत होते, जणू त्याचाही दाखला द्यायचाय. भाची म्हणाली, विचार करून सांगतो.

घरी अक्कानं विचार-बिचार काही केला नाही. तिनं माडीवरची खोली झाडली, गादी उन्हात टाकली, पडदे धुतले.

रविवारी मी सगळ्यांना गाडीत घालून कळंब्याच्या तलावावर नेलं. अक्का बाकावर बसून शेंगा सोलत होती. आम्ही तिघं जरा पुढं पाण्याकाठी गेलो. भाची म्हणाली, "बाबा, मी काय करू?"

"आईला विचार की."

"आईचं मला कळतंय. तुम्ही सांगा."

दाजींनी गवताची एक काडी उपटली. "आमच्यात काय चालतंय बघितलीस न्हवं? दुसऱ्यानं केलेलं तेल येतंय, दुसऱ्याच्या गाडीचं. आम्ही त्याला बरं-वाईट म्हणतो. तू तितं काय करतीस?"

"नवी पेटी करतो. गिअर, मोटर, तेलाच्या वाटा, सगळं पहिल्यापासनं."

"हितं ते करायला मिळंल?"

तिनं पायानं एक खडा पाण्यात ढकलला.

"तुला यावं वाटतंय काय?"

"तुमच्यासाठी वाटतं, बाबा. आईसाठी वाटतं."

"ते न्हवं. कामासाठी?"

वारा होता; पाणी काठाला थपथप लागत होतं. तिनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "मालक बोलून गेले माझ्याजवळ. तुम्हीच त्यांच्या मागं लागलता म्हणून."

दाजींचा चेहरा पकडल्या गेलेल्या शाळकरी पोरासारखा झाला. पण क्षणभरच. "व्हय, गेलतो," ते म्हणाले. "तवा बाप म्हणून गेलतो. आत्ता तेलवाला म्हणून सांगायलोय. जा तू. मालकाला मी बघतो." आणि काडी पाण्यात टाकून ते तिकडं जरा लांब जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून. भाची त्यांच्यामागं जायला निघाली होती. मीच तिला हातानं थांबवलं.

ती परत गेली. तिची गाडी वळणाआड होईपर्यंत दाजी रस्त्यातच उभे होते. अक्का कितीतरी दिवस दाजींशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि आत निघून जायची. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्यांनी एकदाही तिला समजावण्याचा प्रयत्न केला नाही. एका सकाळी मी गेलो तेव्हा अक्का भाजी निवडत होती आणि दाजी समोर बसून शेंगांच्या शिरा काढून देत होते, बहुतेक चुकीच्या. अक्का खाली बघतच म्हणाली, "मी सगळी खोली आवरून ठेवलो हुतो."

"असू दे आवरलेली," दाजी म्हणाले. तेवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं. मिटलं म्हणजे काय, त्या दिवसापासून ती दोघं एकत्र चहा प्यायला लागली.

आता तो विभाग चांगला चालतो. दूरदूरचे नमुने येतात. दाजींना मालक सोडायला तयार नाहीत, आणि दाजींनाही घरी बसायचं नाही. रविवारी फोन येतो, तेलावर भांडण होतं, मग बोलणं संपतं आणि तरी कुणी फोन ठेवत नाही. तिच्याकडची भांडी वाजल्याचा आवाज येतो, इकडं अक्काच्या बांगड्या वाजतात. भाचीनं तिकडंच घर घेतलंय. बाप म्हणून दाजींनी एकच विचारलं, खिडकीतनं रस्ता दिसतो काय. दिसतो म्हणाली.

परवा मी चंदगडहून आलो आणि दाजी मला न्यायला स्टँडवर आले होते. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. तेवढ्यात विजेवरची नवी एसटी फाटकातून बाहेर पडली, कसलाही गडगडाट न करता. चहा तसाच ठेवून दाजी उठून उभे राहिले. कपाळावर हात धरून बघत राहिले.

"तिच्या कंपनीची आहे काय?" मी विचारलं.

"न्हाय, न्हाय," ते म्हणाले. "हिच्यात तिचं काय न्हाय."

गर्दीतून वाट काढत गाडी पुढं निघाली होती. चहावर साय धरली. मी म्हटलं, "बसा की, दाजी."

"बसतो की," ते म्हणाले. त्यांची नजर रस्त्यावरच होती. "एवढी वळणापातूर जाऊ दे तिला."